हळदीचे पेव : सांगली शहराची एक ओळख

एखाद्या शहराची ओळख मुलांना करून द्यायची म्हटली की आपण बहुधा राजे, लढाया आणि देवळे यांच्यापासून सुरुवात करतो. पाठ्यपुस्तकेही तशीच लिहिलेली असतात. पण शहर हे आधी माणसांचे असते, आणि माणसांना रोज जेवावे लागते. तेव्हा शहराकडे पाहण्याची आणखी एक वाट आहे. तिथले लोक काय पिकवतात, ते कसे साठवतात आणि साठवलेले कुठे विकतात, हे विचारत विचारतही शहराचा इतिहास सांगता येतो. आणि या वाटेने गेले की इतिहासाच्या तासात विज्ञान आपोआप येऊन बसते. या लेखात आम्ही सांगली शहर असे पाहणार आहोत.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि वाई, कराड असे करीत सांगलीला येते. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पूर्वी वेगळे नव्हते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिणेकडच्या भागाला दक्षिण सातारा असे नाव मिळाले. १९६० साली त्याचाच सांगली जिल्हा झाला. जिल्हे दोन झाले तरी स्वयंपाकघर एकच राहिले. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठची भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ हे दोन्हीकडे सारखेच. शिवाय बाहेरगावच्या पाहुण्यांनी बांधून न्यायच्या गोष्टी आहेत : साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीचे भडंग, तासगावचे बेदाणे.

या शेवटच्या यादीकडे जरा निरखून पाहावे. खवा चांगला भाजून केलेला कंदी पेढा, वाळवलेले द्राक्ष म्हणजे बेदाणा, कोरड्या चुरमुऱ्यांचे भडंग, आटवलेला उसाचा रस म्हणजे गूळ. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकातले पाणी काढून टाकलेले आहे. बुरशी आणि जिवाणू यांना वाढायला पाणी लागते. ते मिळाले नाही की पदार्थ टिकतो, आणि टिकतो म्हणून लांबच्या बाजारात जाऊ शकतो. सांगलीची भरभराट ज्या पदार्थावर झाली त्या हळदीची गोष्टही इथूनच सुरू होते, पण ती एवढ्यावर थांबत नाही.

गावाची पेठ झाली

अठराव्या शतकात या भागातले मोठे ठाणे मिरज होते आणि सांगली हे कृष्णेकाठचे लहान गाव होते. पटवर्धन घराण्यात वाटण्या झाल्या आणि १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला आपली गादी केली. गणेशदुर्ग हा किल्ला आणि नदीकाठचे गणपतीचे देऊळ ही त्यांच्या काळाची आठवण. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते त्यामुळे.

राजधानी झाली की माणसे येतात, माणसे आली की पेठ वसते. सांगलीच्या गणपती पेठेत धान्य, गूळ, मिरची आणि हळद यांचा व्यापार वाढला. पुढे तर केवळ कृष्णाकाठचीच नव्हे, तर कर्नाटकातली आणि आंध्रातली हळदही विक्रीसाठी सांगलीत येऊ लागली.

इथे एक व्यवहारी प्रश्न उभा राहतो. हळदीची काढणी वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. स्वयंपाकात ती मात्र रोज चिमूटभर लागते. म्हणजे दोन-तीन महिन्यांत आलेला माल वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, सांभाळून ठेवला पाहिजे. कीड लागली, ओल लागली किंवा रंग उडाला तर व्यापाऱ्याचे आणि शेतकऱ्याचे दोघांचेही नुकसान. या प्रश्नाचे उत्तर सांगलीला शेजारच्या हरिपूर गावाच्या मातीत सापडले.

शेतातून पेवापर्यंत

हळदीचे पीक सुमारे नऊ महिन्यांचे. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लागवडीची लगबग सुरू होते. पाने वाळली की कंद खणून काढतात. मधल्या मोठ्या कंदाला गड्डा म्हणतात आणि त्याला फुटलेल्या बोटांसारख्या फाट्यांची पुढे हळकुंडे होतात. हे ओले कंद कढईत शिजवतात, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, आणि शेवटी फिरत्या पिंपात घोळून त्यांची खरखरीत साल घालवतात.

शिजवायचे कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. कंद हा जिवंत असतो. तो तसाच ठेवला तर त्याला कोंब फुटतील. शिजवल्याने तो मरतो. त्यातल्या पिठूळ भागाची खळ होते आणि पिवळे रंगद्रव्य, म्हणजे कुरकुमिन, हळकुंडभर सारखे पसरते. शिजवलेले हळकुंड वाळतेही लवकर. शंभर किलो ओल्या कंदांपासून शेवटी वीस किलोच्या आसपास वाळलेली हळद हाती येते, आणि तिच्यात पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो. एवढ्या कमी पाण्यावर बुरशी वाढू शकत नाही.

परंतु पाणी काढून घेतले तरी हळदीचे तीन शत्रू उरतातच. पहिला कीड : हळकुंड पोखरून त्याचा भुगा करणारे बारीक तपकिरी भुंगेरे. दुसरा पावसाळ्यातली दमट हवा : वाळलेली हळद तिच्यातला ओलावा परत शोषून घेते. तिसरा प्रकाश : कुरकुमिनचे रेणू उजेडात तुटतात. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका होतो, हे घरोघरी माहीत असते. त्यामागचे कारण हेच.

जमिनीतला रांजण

पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार. त्याचा आकार रांजणासारखा असतो. तोंड अरुंद, एक माणूस उतरू शकेल एवढेच. खाली पोट मात्र चांगले रुंद. हरिपूरची पेवे साधारण वीस-पंचवीस फूट खोल असतात. त्यांना आतून विटांचे किंवा दगडांचे बांधकाम नसते. मातीची भिंत हीच पेवाची भिंत. तळाशी आणि कडेने कोरडे गवत किंवा पाला लावून हळद भरतात, आणि तोंडावर फरशी ठेवून ते मातीने लिंपून टाकतात.

कोणत्याही गावात असा खड्डा खणला म्हणून त्याचे पेव होत नाही. कृष्णाकाठच्या बऱ्याच शेतांत काळी, भारी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीतला खड्डा दोन वर्षेही टिकणार नाही. खडक फोडून खड्डा केला तर त्याच्या चिरांतून पाणी झिरपते. हरिपूर मात्र कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर आहे. नद्यांनी शतकानुशतके आणून टाकलेल्या बारीक गाळाचा खोल थर तिथे आहे. ही माती घट्ट बसते, उभी कापली तरी ढासळत नाही आणि वरचे पावसाचे पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव आणि संगमेश्वराचे देऊळ म्हणून हरिपूर महाराष्ट्राला माहीत आहे. त्याची मातीही तितकीच माहीत असायला हवी.

पेव पूर्वी केवळ हळदीचे नव्हते. ज्वारीची पेवे महाराष्ट्रात अनेक गावांत असत. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला की ‘पेव फुटले’ असे आपण म्हणतो. परीक्षेच्या दिवसांत मार्गदर्शक पुस्तकांचे पेव फुटते, असे शिक्षक सहज बोलून जातात. पण तो शब्द धान्याच्या कोठाराचा आहे, हे आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांना सांगावे लागते.

बंद तोंडाच्या आत

पेव बंद केले की प्रकाश संपला. दमट हवेशी संबंध तुटला. जमिनीखाली पाच-सहा मीटरवर तापमान वर्षभर जवळजवळ सारखेच राहते. वर मे महिन्याचे ऊन असो की डिसेंबरची थंडी, हळदीला त्याची फारशी झळ पोचत नाही. राहिला प्रश्न किडीचा.

बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. पेव बंद करताना आत एवढाच ऑक्सिजन अडकतो. मालाबरोबर आत गेलेले किडे, थोडीफार बुरशी आणि भोवतालच्या मातीतले जिवाणू हे सगळे श्वसन करीत असतात. ते ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. ताजी हवा आत येत नाही, म्हणून ऑक्सिजन उतरत जातो. तो साधारण तीन टक्क्यांच्या खाली गेला की किडे जगू शकत नाहीत. म्हणजे कीड स्वतःच्या श्वासानेच स्वतःचा शेवट करून घेते. कोणतेही विष फवारावे लागत नाही आणि वीजही लागत नाही. आज हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत धान्य साठवण्याची जी पद्धत जगभर सांगितली जाते, तिचे तत्त्व नेमके हेच आहे.

कपाडोकियाची साक्ष

ही युक्ती एकट्या हरिपूरची नाही. आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागी कपाडोकिया नावाचा प्रदेश आहे. कायसेरी हे तिथले प्राचीन शहर. मसाला चोळून वाळवलेल्या मांसासाठी, म्हणजे पास्तिर्मासाठी, ते प्रसिद्ध आहे. पदार्थातले पाणी काढून तो टिकवण्याची विद्या तिथेही होतीच. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तिथल्या मऊ खडकात लोकांनी घरे आणि कोठारे कोरली. त्याच प्रदेशातल्या ओर्ताहिसार गावी आजही अशा गुहांत लिंबे साठवून ठेवतात.

रोमन लेखक वारो याने इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर एक ग्रंथ लिहिला. कपाडोकिया आणि थ्रेस या प्रदेशांतले लोक धान्य जमिनीखालच्या कोठारांत ठेवतात, आणि हवा लागू दिली नाही तर गहू पन्नास वर्षे टिकतो, असे त्याने नोंदवले आहे. पन्नास वर्षांचा आकडा आपण जरा सावधपणे घ्यावा. पण हवेला मज्जाव करायचा ही गोष्ट त्याला पक्की कळलेली होती. त्याने आणखी एक इशाराही दिला आहे. अशी कोठारे उघडल्याबरोबर आत उतरू नये, कारण तसे करणाऱ्या काही जणांचा श्वास कोंडून जीव गेला आहे.

तुर्कस्तानशी आपले एक शब्दाचेही नाते आहे. तुर्की भाषेत हळदीला ‘झेर्देचाल’ म्हणतात. हा शब्द फारसीतून आलेला, आणि त्यातला ‘झर्द’ म्हणजे पिवळा. आपल्या ‘पिवळाजर्द’ आणि ‘जर्दाळू’ या शब्दांत तोच ‘जर्द’ आहे.

उतरणाऱ्याचा जीव

वारोचा इशारा हरिपूरलाही लागू पडतो. ज्या हवेत कीड मरते त्या हवेत माणूसही मरतो. म्हणून जुने जाणकार पेव उघडले की लगेच कोणाला आत सोडत नाहीत. ते काही काळ उघडे ठेवतात, मग आत पेटता कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर उतरायचे नाही.

ही खबरदारी अनुभवातून आलेली आहे आणि तिच्यामागे चांगले निरीक्षण आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. हवेतला ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. श्वसनामुळे जेवढा ऑक्सिजन कमी होतो, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ज्योत विझण्याच्या बेताला आत पाच टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असू शकतो. एवढ्या प्रमाणात माणसाला धाप लागते आणि डोके दुखते. प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात गेले तर काही मिनिटांत शुद्ध हरपते. तेव्हा विझलेला कंदील ‘उतरू नका’ असे निश्चित सांगतो. जळता कंदील मात्र ‘खुशाल उतरा’ असे सांगत नाही.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड आहे म्हणून तो तळाशी बसतो, असे आपण शिकवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पेवाचे तोंड अरुंद असल्याने आत वारा शिरत नाही. शिवाय उन्हाळ्याच्या दिवसा आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड आणि म्हणून जड असते. ती वर येतच नाही. उन्हाळ्यात भर दुपारी तोंड उघडे ठेवूनही पेव ‘मोकळे’ होत नाही ते यामुळे. पंख्याने ताजी हवा आत सोडणे, वायुमापकाने प्रमाण तपासणे, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधणे आणि वर माणसे उभी ठेवणे, एवढे झाल्याशिवाय कोणी उतरू नये. आणि आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने तसेच उडी मारू नये. जुन्या विहिरी, गटारांची भुयारे आणि गोबरगॅसचे खड्डे इथे एकामागोमाग एक माणसे दगावतात ती याच घाईमुळे. हा धडा परीक्षेत येवो न येवो, वर्गात आलाच पाहिजे.

नदीने दिले, नदीने नेले

हरिपूरची माती नदीने दिली. त्यामुळे पेवे नदीच्या शेजारीच असणार, आणि तीच त्यांची दुबळी बाजू ठरली. पावसाचे पाणी पेवाला सोसते. पण नदीच डोक्यावर येऊन काही दिवस उभी राहिली तर कोणतीही माती पुरी पडत नाही. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि हळद कुजली. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. २०२१ साली पुन्हा महापूर आला. १९२९ साली झालेला तो पूल उभा राहिला, पण पेवांवरचा विश्वास डळमळला. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. पेवात उतरणारे कसबी मजूरही कमी होत गेले.

सांगलीची हळद मात्र मागे पडलेली नाही. कसबे डिग्रज इथले हळद संशोधन केंद्र नवे वाण देते. ‘फुले स्वरूपा’ हा तिथलाच. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रश्न हळदीचा नाही, पेवाच्या ज्ञानाचा आहे. पेवे बुजवली तर बुजवली, पूररेषेत ती राखण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. पण कोणती माती चालते, तोंड किती ठेवायचे, पाला कोणता घालायचा, पेव भरताना आणि उघडताना काय पाहायचे, हे पेव राखणाऱ्यांच्या हातात आणि डोक्यात आहे. ते फारसे कोणी कागदावर उतरवलेले नाही.

कागदावर उतरवण्याला किती मोल असते हे हळदीनेच आपल्याला शिकवले आहे. १९९५ साली अमेरिकेत ‘जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग’ यावर एकस्व दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपल्या आज्यांना हे पूर्वीपासून माहीत आहे, एवढे सांगून तिथे भागले नसते. जुने ग्रंथ आणि छापलेले शोधनिबंध पुढे ठेवता आले, म्हणून निकाल आपल्या बाजूने लागला.

वर्गात काय करता येईल

पहिला प्रयोग श्वसनाचा. सारख्या आकाराच्या दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत तेवढीच कोरडी मटकी घालून झाकणे घट्ट लावावीत. दुसऱ्या दिवशी तारेला बांधलेली पेटती मेणबत्ती दोन्हीत हळूच सोडावी. मोड आलेल्या मटकीच्या बरणीत ती विझते. कोरड्या मटकीच्या बरणीत ती काही वेळ जळत राहते. हेच पेवाचे छोटे रूप. ओला माल पेवात का भरत नाहीत, याचेही उत्तर विद्यार्थ्यांना इथेच मिळेल.

दुसरा प्रयोग प्रकाशाचा. पांढरे फडके हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावे, त्याच्या अर्ध्या भागावर काळा कागद लावावा आणि ते उन्हात ठेवावे. दिवसभरात झाकलेल्या आणि उघड्या भागांत फरक दिसू लागतो. उरलेल्या हळदीत चुन्याची निवळी टाकली की रंग लाल होतो. हळदीपासून कुंकू करण्यामागचे रसायनशास्त्र हेच.

तिसरे काम गणिताचे. लिटरच्या मापात हळकुंडे भरून त्यांचे वजन करावे. मग सहा मीटर खोल आणि सरासरी तीन मीटर व्यासाच्या पेवात किती क्विंटल हळद मावेल ते काढावे. पेव दंडगोल धरले तर घनफळ सुमारे ४२ घनमीटर येते. खरा आकार रांजणाचा असल्याने उत्तर कुठे आणि का चुकेल, यावर चर्चा करावी.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे. कृष्णाकाठच्या शाळांनी आपल्या गावातल्या जुन्या पेवांची नोंद करावी. पेव कोणाच्या वाड्यात होते, त्यात काय साठवत, ते कधी बुजवले, माती कशी होती, कोणते शब्द वापरत, हे आजोबा-आजींना आणि जुन्या हमालांना विचारून वहीत उतरवावे. विद्यार्थ्यांना कोणत्याही उघड्या पेवाजवळ मात्र नेऊ नये. एका वर्गाच्या एका वर्षाच्या कामातून गावाच्या इतिहासाची चांगली वही तयार होईल. ज्यांना हे सगळे ठाऊक आहे ती माणसे आता वयस्कर झाली आहेत. तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर न ढकलता येत्या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करावे, अशी आमची शिक्षकांना विनंती आहे.